हिवाळ्यातील अकस्मात हवामान : रस्त्यावर व समुद्रावर घ्यावयाची दक्षता

पावसाळ्यात घराबाहेर पाऊल टाकण्यापूर्वी शेतकरी आभाळाकडे पाहतो, नदीचे पाणी किती चढले आहे याची चौकशी करतो आणि मगच गाडी जुंपतो. मच्छीमार तर त्या दिवसांत होडी किनाऱ्यावर ओढून, झापांनी शाकारून ठेवतो. परंतु दसरा-दिवाळी सरली, आभाळ निरभ्र झाले आणि समुद्र शांत दिसू लागला, की ही सावधगिरी हळूहळू सुटत जाते. हिवाळा हा निर्धोक ऋतू आहे अशी सर्वांची समजूत असते व बहुतेक दिवस ती खरीही ठरते. याच कारणाने वर्षातील जे थोडे दिवस ती खोटी ठरते, त्या दिवशी माणूस बेसावध सापडतो.

शिवाय हिवाळा हा सर्वांत जास्त वाहतुकीचा काळ होय. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम चालू असतो, भाजीपाला व दूध पहाटेच बाजाराच्या वाटेला लागते, मेंढपाळांचे कळप रस्त्यांनी फिरत असतात आणि कोकणच्या बंदरांतून नौका खोल समुद्रात जातात. तेव्हा हिवाळ्यात हवामान एकाएकी का बदलते, त्याची चिन्हे व सूचना कोणत्या, आणि अशा वेळी काय करावे व काय टाळावे, याची माहिती प्रत्येक गावात असणे अवश्य आहे. या माहितीचे सार एका वाक्यात सांगता येईल : जीव वाचविणारा निर्णय बहुधा निघण्यापूर्वीच घ्यावा लागतो, वाटेत वा भर समुद्रात तो घेण्याची संधी क्वचितच मिळते.

हवामान अकस्मात का बदलते?

याची मुख्य कारणे तीन आहेत.

पहिले कारण समुद्रातील वादळे. अरबी समुद्रात चक्रीवादळांचे दोन मोसम असतात. एक पावसाळ्याच्या तोंडाशी, मे-जूनमध्ये. व दुसरा पावसाळा संपल्यानंतर, ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. या दुसऱ्या मोसमात जमीन निवू लागलेली असली तरी समुद्राचे पाणी उबदारच असते. त्या उबेवर व वाफेवर कमी दाबाचे क्षेत्र पोसले जाते आणि एकदोन दिवसांतच त्याचे वादळ होऊ शकते.

दुसरे कारण पश्चिमेकडून येणारे चक्रावात. भूमध्य समुद्राच्या बाजूने हे चक्रावात हिवाळ्यात इराण, पाकिस्तान व उत्तर भारत या मार्गाने पूर्वेकडे सरकतात. त्यांचा मुख्य परिणाम उत्तरेत होतो. तथापि, त्याच वेळी अरबी समुद्रावरून बाष्प आले तर महाराष्ट्रातही अवकाळी पाऊस, गारा व विजा यांचा मारा होतो. कधी पाऊस न येता नुसता सोसाट्याचा वारा येतो. जानेवारी २०२२ च्या चौथ्या आठवड्याच्या आरंभी पाकिस्तानातून आलेल्या धुळीच्या लोटाने गुजरात, मुंबई व उत्तर कोकण झाकोळून टाकले होते. अशी धूळ रस्त्यावर व पाण्यावर धुक्याइतकीच अडचणीची ठरते.

तिसरे कारण धुके. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, रात्र मोठी आणि जमीन ओलसर असली, म्हणजे जमिनीलगतची हवा झपाट्याने निवते व तिच्यातील बाष्पाचे सूक्ष्म थेंब होतात. म्हणून नदीकाठ, धरणांचा परिसर, पाणी दिलेली उसाची शेते व सखल जागा येथे धुके प्रथम धरते. अवकाळी पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या रात्री आभाळ उघडले, तर पहाटे दाट धुके पडण्याचा संभव फार असतो. सूर्योदयाच्या सुमारास ते सर्वांत दाट असते व ऊन तापू लागल्यावर विरते. घाटमाथ्यावर मात्र ढगच रस्त्यावर उतरतात. तेथे घड्याळाचा भरवसा धरता येत नाही.

धुके व उसाची वाहतूक

एक हजार मीटरच्या पलीकडचे दिसेनासे झाले म्हणजे त्यास धुके म्हणतात. दृष्टी दोनशे मीटरांच्या आत आली, की ते दाट धुके होय. आणि पन्नास मीटरांच्याही आत आली, की अतिदाट. या आकड्यांचा रस्त्याशी काय संबंध, हे थोड्या हिशेबाने स्पष्ट होईल. समोर काही दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत चालकाचा साधारण दीड सेकंद जातो. ओल्या डांबरी रस्त्यावर हा वेळ धरून हलके वाहन थांबण्यास लागणारे अंतर अंदाजे पुढीलप्रमाणे येते :

ताशी ६० किलोमीटर वेग : सुमारे ६० मीटर
ताशी ४० किलोमीटर वेग : सुमारे ३३ मीटर
ताशी २० किलोमीटर वेग : सुमारे १२ मीटर

भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला याहून पुष्कळ जास्त अंतर लागते, कारण मागचा भार त्याला पुढे रेटत असतो. म्हणजे तीस मीटरांवरचे दिसत नसताना ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारा चालक डोळे मिटूनच चालला आहे असे म्हणावे लागेल. आपल्या नेहमीच्या रस्त्यावरील विजेच्या दोन खांबांमधील अंतर दिवसा पावलांनी मोजून ठेवावे. धुक्यात पुढचा खांब दिसतो की नाही, यावरून दृष्टी किती पोहोचते याचा अंदाज तत्काळ येतो.

कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे व अहिल्यानगर या जिल्ह्यांत हिवाळ्याच्या पहाटे उसाच्या बैलगाड्या व ट्रॅक्टर मोठ्या संख्येने रस्त्यावर असतात. त्यांचा वेग मंद, लांबी जास्त आणि पाठीमागची बाजू अंधारी. मागून वेगाने येणाऱ्या वाहनाला ती अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही व अपघात होतो. हा धोका पुढील गोष्टींनी बराच कमी करता येतो.

१. ट्रॉलीच्या मागील बाजूस दोन्ही टोकांना लाल परावर्तक व मध्ये चकाकणारी पट्टी असावी. परावर्तक लावलेले असूनही पुष्कळदा त्यांचा उपयोग होत नाही, कारण उसाचे लोंबणारे शेंडे त्यांना झाकतात किंवा त्यांवर चिखल बसतो. म्हणून गाडी भरून झाल्यावर मागे जाऊन शेंडे छाटावेत व परावर्तक ओल्या फडक्याने पुसावेत. या कामास दोन मिनिटे पुरतात.

२. बैलगाडीच्या मागे लाल पट्ट्यांखेरीज एक कंदील वा विजेरीचा लाल दिवा टांगावा. जोखडालाही चकाकणारी पट्टी लावली म्हणजे समोरून येणाऱ्यास बैल दिसतात.

३. गाडी बंद पडल्यास ती डांबरी पट्ट्यावर ठेवू नये. शक्य त्या उपायाने बाजूपट्टीच्या बाहेर घ्यावी. ते न साधल्यास एका माणसाने विजेरी घेऊन मागे शंभर पावलांवर, रस्त्याच्या कडेच्या बाहेर उभे राहावे. गाडीभोवती दगड मांडून ठेवण्याची व दुरुस्तीनंतर ते तसेच टाकून जाण्याची चाल अत्यंत घातक आहे. आपली गाडी निघून जाते. पण मागे उरलेला दगड पुढच्या दुचाकीस्वाराच्या जिवावर बेततो.

४. उसाच्या मोळ्यांवर बायकामुलांनी बसून किंवा झोपून प्रवास करू नये. थंडीत पोती पांघरून झोपलेले मूल एका धक्क्याने खाली पडते. मजुरांच्या कुटुंबांना ऊन आल्यावर वेगळ्या वाहनाने नेण्याची व्यवस्था मुकादमाने करावी.

५. धुक्यात दिव्यांचा झोत खाली ठेवावा. वरचा झोत धुक्याच्या थेंबांवरून परत येऊन चालकाचेच डोळे दिपवितो. रस्त्याच्या डाव्या कडेची पांढरी रेषा धरून चालावे, ओलांडून पुढे जाऊ नये, आणि काच खाली करून कानांनीही रस्ता ऐकावा. पुढच्या वाहनाच्या लाल दिव्यांवर भिस्त ठेवून त्याच्या मागोमाग जाऊ नये. ते खड्ड्यात गेले तर मागचाही जातो.

या सर्वांवर वरचढ उपाय म्हणजे धुके विरेपर्यंत न निघणे हा होय. येथे खरी अडचण उभी राहते. तोडलेल्या उसाचे वजन दर तासाला घटते, कारखान्याच्या गाडीतळावर नंबर मागे पडतो, दिवसाची एक खेप बुडते, आणि मुकादम व गाडीवान या दोघांवरही उचलीचा बोजा असतो. ही अडचण खोटी नाही व उपदेशाने ती नाहीशी होणार नाही. परंतु तिचे मोल मोजून पाहावे. पहाटेचे धुके बहुधा सकाळी नऊच्या सुमारास विरते. तीन तासांच्या विलंबाने होणारी वजनाची घट एका खेपेच्या भाड्यापुढेही अल्प असते. अपघातात गेलेली बैलजोडी वा गेलेला माणूस मात्र पुढच्या कोणत्याही हंगामात भरून निघत नाही. कारखान्याच्या शेतकी विभागाने धुक्याच्या दिवशी उशिरा येणाऱ्या गाड्यांचा नंबर राखून ठेवण्याची पद्धत ठेवली, तर गाडीवानांवरील ओढ आपोआप कमी होईल. हा प्रश्न हंगामाच्या आरंभीच कारखान्याशी बोलून ठरविणे इष्ट आहे.

अवकाळी पाऊस, गारा व वीज

दिनांक २६ नोव्हेंबर २०२३ रोजी नाशिक जिल्ह्यात व अन्यत्र अवकाळी पाऊस व गारा यांनी द्राक्षबागांची मोठी हानी केली. पिकांच्या हानीची चर्चा होते. परंतु अशा वेळी वाटेत असलेल्या माणसांच्या जिवाचाही प्रश्न असतो.

बरेच दिवस कोरड्या राहिलेल्या रस्त्यावर पडणारा पहिला पाऊस सर्वांत निसरडा असतो. डांबरावर साचलेले तेल व धूळ यांचा चिकट लगदा होतो. त्यात शेतातून ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर आलेली काळी माती व सांडलेले पाचट यांची भर पडते. म्हणून सरीच्या पहिल्या अर्ध्या तासात दुचाकी थांबविणे उत्तम. शेतातून रस्त्यावर चढण्यापूर्वी चाकांची माती खरवडून काढणे हे ट्रॅक्टरवाल्याचे कर्तव्य समजावे. कडब्याची वा पाचटाची उंच गाडी वाऱ्यात शिडासारखी वागते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला म्हणजे त्याचा दाब चौपट होतो. तेव्हा सोसाट्याचा वारा सुटल्यास अशी गाडी उघड्या माळावर किंवा पुलावर नेऊ नये. फरशी पुलावरून पाणी वाहत असल्यास, ते कितीही थोडे वाटले तरी, उतरू नये. हिवाळ्यातील पूर लवकर ओसरतो, थोडा वेळ थांबणे पुरेसे होते.

विजेबाबत एक सोपे माप लक्षात ठेवावे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत. आवाजाला एक किलोमीटर येण्यास सुमारे तीन सेकंद लागतात. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरांच्या आत आहे व तत्काळ आसरा घेतला पाहिजे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पक्के घर किंवा पत्र्याचे छत असलेली बंद मोटार हा आसरा होय. झाड, उघडा ट्रॅक्टर, बैलगाडी व तारेचे कुंपण हे आसरे नव्हेत. आसरा नसल्यास सखल जागी पाय जुळवून, गुडघे दुमडून, डोके खाली घालून बसावे. जमिनीवर आडवे पडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने केलेले ‘दामिनी’ हे भ्रमणध्वनीवरील उपयोजन आसपास पडणाऱ्या विजांची सूचना देते. ते गावातील काही जणांकडे तरी असावे.

मेंढपाळांसाठी

दिनांक १ व २ डिसेंबर २०२१ रोजी पुणे व अहिल्यानगर जिल्ह्यांत अवकाळी पाऊस व थंड वारे यांच्या एकत्र माऱ्याने उघड्यावर असलेल्या मेंढ्या फार मोठ्या संख्येने दगावल्या. मेंढीच्या अंगावरील लोकर कोरडी असते तोवर तिला ऊब देते. ती भिजली व वर वारा लागला, म्हणजे शरीरातील उष्णता झपाट्याने निघून जाते. माणसाचेही असेच होते. पावसाची सूचना मिळताच कळप उघड्या माळावरून हलवून वाऱ्याच्या आडोशाला घ्यावा. शाळेचा व्हरांडा, मंगल कार्यालय वा बाजाराची शेड रात्रीपुरती खुली करून देणे हे ग्रामपंचायतीस सहज शक्य आहे. नुकतीच विणलेल्या मेंढ्या व कोकरे यांना प्रथम जागा द्यावी. धुक्यात कळप रस्त्याने न्यावाच लागला तर एक माणूस विजेरीसह पुढे व एक मागे असावा.

समुद्रावरील दोन धडे

दिनांक ९ नोव्हेंबर २००९ रोजी अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तीव्र झाले आणि दोनच दिवसांनी, ११ नोव्हेंबरच्या दुपारी, ‘फयान’ हे चक्रीवादळ अलिबाग व मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील ज्या नौका त्या वेळी खोल समुद्रात होत्या, त्यांपैकी काही परत आल्या नाहीत. तो मासेमारीचा भर हंगाम होता आणि आदल्या आठवड्यात वादळाचे चिन्हही नव्हते.

सन २०१७ मधील ‘ओखी’ वादळाने तर याहूनही कमी अवधी दिला. २९ नोव्हेंबरला तयार झालेल्या कमी दाबाच्या तीव्र क्षेत्राचे ३० नोव्हेंबरला, कन्याकुमारीजवळ, चक्रीवादळ झाले. तामिळनाडू व केरळातील पुष्कळ नौका कित्येक दिवसांच्या सफरीसाठी आधीच दूर गेल्या होत्या. त्यांच्यापर्यंत सूचना पोहोचविण्याचे साधन नव्हते व त्यांतील अनेक मच्छीमार प्राणास मुकले. त्याच वादळात दोन्ही राज्यांच्या अडुसष्ट नौका ९५२ मच्छीमारांसह सिंधुदुर्गच्या किनाऱ्याच्या आश्रयास सुखरूप पोहोचल्या. पुढे हे वादळ उत्तरेकडे सरकताना क्षीण झाले. तरीही ५ डिसेंबर रोजी मुंबईतील शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या.

या दोन घटनांतून दोन धडे मिळतात. वादळ ज्या वेगाने वाढते त्या वेगाने नौका परत येऊ शकत नाही, हा पहिला. सात सागरी मैलांच्या वेगाने चालणाऱ्या नौकेला चाळीस सागरी मैलांवरून, म्हणजे सुमारे ७४ किलोमीटरांवरून परतण्यास जवळजवळ सहा तास लागतात. वारा समोरून असल्यास त्याहून जास्त. दुसरा धडा असा की, किनाऱ्यावर दिलेली सूचना नौकेवर ऐकू आली नाही तर ती दिली न दिली सारखीच.

समुद्रावर जाण्यापूर्वी

तांडेलाने निघण्याच्या आदल्या सायंकाळी व निघतानाही हवामान खात्याची मच्छीमारांसाठी असलेली सूचना ऐकावी. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र लाटांचा व वाऱ्याचा अंदाज देते, तोही पाहावा. बंदरावरील बावट्याचा अर्थ प्रत्येक खलाशास कळला पाहिजे. एक व दोन नंबरच्या खुणा दूरच्या समुद्रातील वादळी हवामान दर्शवितात. तीन नंबरचा बावटा म्हणजे आपल्याच बंदरावर वादळी वाऱ्याचा संभव आहे, असे समजावे. खुणेचा आकडा वाढेल तसा धोका वाढतो. दूरची खूण असली म्हणजे आपणास भय नाही, हा समज चुकीचा आहे. खोल समुद्रात जाणाऱ्यास तीच खूण सर्वांत जवळची असते.

नौकेवर पुढील वस्तू असल्याखेरीज ती बंदराबाहेर काढू नये : प्रत्येक माणसामागे एक जीवरक्षक जाकीट, चालू स्थितीतील बिनतारी संच, संकट-संदेश यंत्र, रेडिओ, होकायंत्र, विजेरी व जादा घट, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कोरडे कपडे व घोंगडी, पिण्याचे पाणी, आणि परतीच्या अंतराच्या दीडपट पुरेल इतके डिझेल. जाकिटे तळाशी बर्फाच्या खोक्यांखाली ठेवलेली असली तर ती नसल्यासारखीच आहेत. वारा वाढताच ती अंगात चढवावी. निघणाऱ्या प्रत्येक नौकेचे नाव, तीवरील माणसांची नावे, जाण्याची दिशा व परतण्याचा दिवस यांची नोंद मच्छीमार सहकारी संस्थेच्या वहीत असावी. शोध घेण्याची वेळ आली तर ही वहीच प्रथम उपयोगी पडते.

डिझेल व बर्फ यांवर झालेला खर्च, खलाशांचे वाटे आणि मासळीला आलेला भाव यांमुळे ‘जाळे ओढून झाले की निघू’ असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु परतण्याची सूचना मिळाल्यावर टाकलेले जाळे तोडून यावे लागले तरी ती हानी पत्करावी. जाळे पुन्हा विणता येते.

समुद्रात वा खाडीत सापडल्यास

क्षितिजावर एकाएकी काळी रेघ चढणे, नेहमीचा मतलई वारा पडून भलत्याच दिशेने वारा येणे, वाऱ्याशी न जुळणाऱ्या लांब लाटा उसळू लागणे, ही वादळाची चिन्हे होत. ती दिसताच जवळच्या कोणत्याही बंदराचा आश्रय घ्यावा. आपलेच बंदर गाठण्याचा हट्ट धरू नये. ओखीच्या वेळी अडुसष्ट नौकांचे रक्षण परक्या किनाऱ्यानेच केले. किनारा गाठणे शक्य नसल्यास नौकेचे तोंड लाटांकडे ठेवावे, वरचे वजन खाली घ्यावे, झाकणे घट्ट बंद करावीत व बिनतारी संचाच्या सोळाव्या वाहिनीवर आपले ठिकाण कळवावे.

खाडीच्या मुखाशी ओहोटीचे पाणी बाहेर पडत असता समुद्रावरून वारा येत असेल, तर वाळूच्या उंचवट्यावर उभ्या व आखूड लाटा उठतात. कित्येक नौका भर समुद्रातून सुखरूप येऊन येथे उलटतात. अशा वेळी बाहेर थांबून भरतीच्या पाण्याबरोबर आत यावे. खाडी ओलांडणाऱ्या तरीतून माणसे, गुरे व पेंढा एकदम नेऊ नये. वारा असल्यास तर बंद ठेवावी.

होडी उलटल्यास पोहून किनारा गाठण्याचा प्रयत्न करू नये. उलटलेली होडी तरंगत असते व शोधणाऱ्यास माणसापेक्षा आधी दिसते. तिलाच धरून राहावे. सर्वांनी एकमेकांना बिलगून राहावे, कपडे काढू नयेत, गुडघे छातीशी घ्यावेत. हिवाळ्यात कोकणच्या समुद्राचे पाणी सुमारे २६ ते २८ अंश सेल्सियस असते. ते हाताला कोमट लागते. पण शरीराची उष्णता ३७ अंश असते व पाणी ती हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून घेते. रात्रभर पाण्यात राहिलेला माणूस उबदार समुद्रातही गारठतो.

गारठलेल्या माणसावर प्रथमोपचार

प्रथम कुडकुडणे, नंतर बोलणे अडखळणे, हातपाय न वळणे व गुंगी येणे ही गारठ्याची चढती लक्षणे होत. कुडकुडणे थांबले पण शुद्ध हरपत चालली, तर ती सुधारणा नसून गंभीर धोक्याची खूण आहे. अशा माणसास आडवे ठेवून अलगद आडोशाला न्यावे, ओले कपडे काढून कोरड्या घोंगड्यांत गुंडाळावे, डोके व मान झाकावी. पूर्ण शुद्धीवर असल्यास गरम गोड चहा घोटाघोटाने द्यावा. दारू मुळीच देऊ नये. तिने ऊब आल्याचा भास होतो, पण शरीरातील उष्णता अधिकच निघून जाते. हातपाय चोळू नयेत व त्यास विस्तवाच्या अगदी जवळ नेऊ नये. बंद खोलीत वा नौकेच्या बंद कोठीत कोळशाची शेगडी ठेवू नये. तिचा विषारी वायू दिसत नाही व त्यास वासही नसतो. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून रुग्णास दवाखान्यात पोहोचवावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी करावयाची कामे

हवामान खाते जिल्हावार सूचना चार रंगांत देते. हिरवा म्हणजे विशेष काही करण्याची गरज नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे सज्ज राहा. लाल म्हणजे तत्काळ कृती करा. ही सूचना कार्यालयात येऊन पडली म्हणजे काम झाले असे नाही. ती पहाटे निघणाऱ्या गाडीवानापर्यंत आदल्या संध्याकाळीच गेली पाहिजे. त्यासाठी पुढील व्यवस्था ठेवावी.

१. नोव्हेंबर ते मार्चपर्यंत रोज सायंकाळी सहा वाजता गावफलकावर दुसऱ्या दिवसाचे हवामान व रंग लिहावा. नारिंगी वा लाल रंग असल्यास देवळाच्या ध्वनिक्षेपकावरून किंवा दवंडीने कळवावे. केवळ भ्रमणध्वनीवरील संदेशावर विसंबू नये.

२. उसाच्या फडातील मजुरांच्या खोपी व मेंढपाळांचे वाडे गावाच्या कुशीत नसतात. तेथे निरोप पोहोचविण्याचे काम ठराविक माणसावर सोपवावे.

३. हंगामाच्या आरंभी एक दिवस ठरवून गावातील सर्व ट्रॉल्या व बैलगाड्यांचे परावर्तक तपासावेत; किनाऱ्यावरील गावांत जाकिटे व बिनतारी संच तपासावेत.

४. पुढील क्रमांक फलकावर कायमचे रंगवून ठेवावेत : सर्व प्रकारची तातडीची मदत ११२, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, समुद्रावरील संकटासाठी तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३ आणि राष्ट्रीय महामार्गावरील मदत १०३३.

५. सूचना देऊनही वादळ आले नाही, तर लोक हसतात व पुढच्या वेळी ऐकत नाहीत. सूचना म्हणजे संभवाची वार्ता असते, हे आधीच समजावून सांगावे. कुंपण घातले आणि डुकरे आली नाहीत, म्हणून कोणी कुंपण काढून टाकीत नाही.

हिवाळ्यातील बहुतेक पहाटा स्वच्छ असतात व बहुतेक रात्री समुद्र शांत असतो. वाईट दिवस वर्षातून थोडेच येतात आणि त्यांची सूचनाही बहुधा आगाऊ मिळते. त्या थोड्या दिवशी एक खेप, एक बाजार किंवा एक सफर चुकली तर चुकू द्यावी. गाडी जुंपण्यापूर्वी व नांगर उचलण्यापूर्वी फलकावरील रंग पाहून घेण्याची सवय ज्या गावास लागेल, त्या गावातील माणसे हंगाम संपल्यावर धडधाकट घरी परततील.